गुरूच्या पोटातला हायड्रोजन, युरेनसच्या पोटातलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की आम्ही काही जण शनिवारी रात्री ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी दुर्बीण लावून बसतो. लोक येतात, गुरूचे पट्टे आणि चार चंद्र बघतात, शनीची कडी बघून "हे चित्र तर नाही ना लावलेलं?" असं विचारतात. घरी पोचल्यावर मात्र त्यांचे मेसेज येतात ते दिसलेल्या गोष्टींबद्दल नव्हे, या ग्रहांच्या पोटात काय आहे याबद्दल. पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, पुढे अवघड. जिथे एका उत्तराला दुसऱ्याचा आधार आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. गुरू म्हणजे वायूचा गोळा ना? मग यान त्याच्यातून आरपार का जात नाही?

"वायूचा गोळा" हे वर्णन फक्त वरच्या पातळ थराला लागू पडतं. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. त्यात बहुतांश हायड्रोजन, त्याखालोखाल हेलियम. दोन्ही आपल्या ओळखीचे, हलके वायू. पण खाली जावं तसं वरच्या थरांचं ओझं वाढत जातं आणि वायू दाटत जातो. वर तो हवेपेक्षा विरळ असतो, खोलवर पाण्याइतका घट्ट होतो आणि केंद्राकडे त्याच्याही कितीतरी पुढे जातो. तापमानही सोबत चढत जातं. कुठलंही यान पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच चिरडून, वितळून, वाफ होऊन संपेल. शिल्लकच काही राहत नाही, तर पलीकडे निघणार काय?

२. काका, गुरूवर उडी मारली तर मी कुठे थांबेन?

हा प्रश्न तिसरी-चौथीतल्या मुलांचा, आणि मला सगळ्यात आवडणारा. थांबायला जमीन नाही. समुद्रही नाही, म्हणजे वर हवा आणि खाली पाणी अशी जी लाटांची रेघ आपल्याला माहीत आहे तशी रेघ तिथे नाही.

असं का, ते पाण्यावरून समजून घेऊ. पातेल्यात पाणी आणि वाफ वेगळी दिसतात. पण पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेच्या सुमारे २१८ पट दाबाखाली नेलं तर त्यांतला भेद पुसला जातो. एकच एक द्रायू उरतो, ना धड वाफ, ना धड पाणी. हायड्रोजनचा हा बिंदू फारच खाली आहे: उणे २४० अंश आणि हवेच्या १३ पट दाब. गुरूवर जिथे दाब आपल्या हवेइतका आहे तिथेच तापमान उणे १०८ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे त्या बिंदूच्या केव्हाच वर. त्यामुळे गुरूचा हायड्रोजन कुठल्याही एका ठिकाणी "आता द्रव झाला" असं म्हणता येत नाही. तो हळूहळू दाटत जातो, एवढंच. शास्त्रज्ञ सोयीसाठी हवेइतक्या दाबाची पातळी ही शून्य उंची धरतात. तो कागदावरचा पृष्ठभाग आहे, त्यावर पाय टेकत नाही.

३. दाब प्रचंड असतो म्हणता. प्रचंड म्हणजे किती? आम्हाला अंदाज येईल असं सांगा.

आमची इमारत घोडबंदर रोडला, अठ्ठावीस मजली. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारं पाणी दर दहा मीटरला हवेच्या एका पटीइतका दाब कमावतं. प्लंबरच्या भाषेत "एक किलो", म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजन. म्हणून खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, पीआरव्ही, बसवलेला असतो. दोन वर्षांपूर्वी तो बिघडला आणि चौथ्या मजल्यावर आमच्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप रात्री तीन वाजता फुटला. सकाळी प्लंबरने गेज लावून दाखवलं, काटा सातवर होता. सात किलोला स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं होतं.

तेव्हापासून मी दाब किलोतच सांगतो, आणि या पानावरही तेच माप वापरलं आहे. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत हवेपेक्षा साधारण एक किलो जास्त असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी सुमारे १,१०० किलो. पृथ्वीच्या केंद्राशी ३६ लाख किलो. युरेनस आणि नेपच्यूनच्या केंद्राशी ७० ते ८० लाखांच्या घरात. गुरूच्या केंद्राशी, वेगवेगळ्या प्रारूपांनुसार, ४ ते ७ कोटी किलो, आणि तापमान वीस हजार अंशांच्या आसपास.

४. एवढा दाब येतो कुठून?

वजनातून, दुसरं काही नाही. टाकीतल्या पाण्याचं ओझं चौथ्या मजल्यावर येतं तसंच. फक्त इथे स्तंभ सत्तर हजार किलोमीटर उंच आहे, तो हायड्रोजनचा आहे, आणि त्याला खेचणारं गुरुत्वाकर्षणही त्याचं स्वतःचंच आहे.

५. हायड्रोजन धातू होतो म्हणजे नेमकं काय होतं? वायूचा धातू कसा होईल?

धातू म्हणजे कठीण, जड, चकचकीत वस्तू अशी आपली सवयीची समजूत. भौतिकशास्त्राची अट वेगळी आहे: ज्यात इलेक्ट्रॉन एखाद्या अणूला बांधलेले न राहता मोकळे फिरतात, तो धातू. पारा द्रव असूनही धातू आहे तो याच कारणाने.

ठाण्याहून सुटणारी लोकल डोळ्यांसमोर आणा. दुपारी डबा रिकामा असतो. लोक जोडीजोडीने बसतात, प्रत्येकाची बॅग ज्याच्या त्याच्या मांडीवर. साधा हायड्रोजन असा असतो: दोन अणूंची जोडी, आणि दोघांच्या मध्ये त्यांचे दोन इलेक्ट्रॉन. आता पावणेनऊची गर्दी. जोड्या फुटतात, माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि बॅगा हातोहात पुढे सरकत रॅकवर पोचतात. कुठली बॅग कोणाच्या हातात आहे याला अर्थ उरत नाही. अणू इतके जवळ आले की इलेक्ट्रॉनचं असंच होतं. तो कोणा एकाचा राहत नाही, सगळ्या डब्याचा होतो. मग वीज वाहू लागते.

दाखला इथवरच ताणावा. बॅगा कोणीतरी मुद्दाम पुढे देतं. इलेक्ट्रॉनला मात्र जागा आक्रसली की एका अणूपाशी थांबणं ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतं, म्हणून तो पसरतो.

गुरूमध्ये ही अवस्था ढगांच्या खाली साधारण दहा हजार किलोमीटर गेल्यावर, १० ते २० लाख किलोच्या टापूत येते. तिथलं तापमान हजारो अंश असल्याने हा धातू द्रव असतो, आणि बदल एका फटक्यात न होता सावकाश होतो. गुरूच्या आकारमानाचा अर्ध्याहून मोठा भाग या द्रव धातूचा आहे. म्हणजे सूर्यमालेत सर्वांत जास्त असलेला धातू लोखंड नव्हे. तो हायड्रोजन आहे, आणि तो गुरूच्या पोटात आहे.

६. हा धातू पृथ्वीवर कोणी बनवला आहे का?

द्रव रूपात, हो. घन रूपात, दावे आहेत आणि वाद आहेत.

१९३५ साली यूजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी गणिताने सांगितलं की पुरेसा दाब दिला तर हायड्रोजन धातू होईल. त्यांचा आकडा होता अडीच लाख किलो. तो फार कमी निघाला. अडीच लाखांची मजल मारून प्रयोगवाले पुढे गेले तरी हायड्रोजन निवांत पारदर्शकच राहिला.

१९९६ साली अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत वायूच्या तोफेने धक्का देऊन द्रव हायड्रोजन दाबला गेला. सुमारे १४ लाख किलो दाब आणि ३,००० अंशांच्या आसपास तापमान गाठल्यावर तो धातूसारखी वीज वाहू लागला, क्षणाच्या अगदी बारीक भागापुरता. गुरूसाठी हाच प्रयोग मोलाचा, कारण गुरूतही तो गरम आणि द्रवच आहे.

थंड, घन धातूचं प्रकरण जास्त चिवट आहे. २०१७ साली हार्वर्डच्या रंगा डायस आणि आयझॅक सिल्व्हेरा यांनी सुमारे ५० लाख किलोला चकाकणारा हायड्रोजन पाहिल्याचा दावा केला. पुढे नमुना दाबून धरणारा हिरा फुटला (हे यंत्र प्रश्न ८ मध्ये), नमुना गेला, आणि क्षेत्रातल्या अनेकांनी दाबाच्या मोजणीवर शंका घेतल्या. २०२० साली फ्रान्समधल्या पॉल लुबेर यांच्या गटाने साधारण ४२ लाख किलोला हायड्रोजन अवरक्त प्रकाशासाठी अचानक अपारदर्शक होतो हे दाखवलं. मला हे काम जास्त भरवशाचं वाटतं: दाब चढवताना बदल दिसला आणि दाब उतरवल्यावर तो मागेही फिरला.

७. दाब काढून घेतल्यावर तो धातूच राहील का? हातात घेता येईल?

हिरा हे दाबाखाली बनलेलं कार्बनचं रूप पृथ्वीच्या पृष्ठभागावर टिकून राहतं, म्हणून ही आशा काही जणांनी धरली. १९६८ साली नील अॅशक्रॉफ्ट यांनी हा धातू बऱ्याच वरच्या तापमानालाही अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारा, असेल असं भाकीत केलं, त्यामुळे आशेला धार आली. पण आतापर्यंतचे प्रयोग उलटीकडे बोट दाखवतात: दाब सोडला की हायड्रोजन पुन्हा जोड्या जमवतो. गुरूच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, तिथे दाब कोणी काढून घेणार नाही.

८. प्रयोगशाळेत लाखो किलोचा दाब? यंत्र केवढं मोठं असेल?

मुठीत मावेल एवढं. दाब म्हणजे बळ भागिले क्षेत्रफळ, त्यामुळे क्षेत्रफळ सूक्ष्म केलं की हाताच्या जोरावर काम भागतं. टाचणी भिंतीत जाते आणि अंगठा जात नाही, तेच तत्त्व.

यंत्राचं नाव डायमंड अॅन्व्हिल सेल, म्हणजे हिऱ्यांची ऐरण. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत हे तंत्र जन्माला आलं. पैलू पाडलेले दोन हिरे टोकाशी टोक भिडवून बसवतात. टोक घासून सपाट केलेलं असतं, केसाच्या जाडीच्या काही पट रुंद. सर्वोच्च दाबासाठी केसाहूनही बारीक. दोन टोकांच्या मध्ये धातूची पातळ चकती, चकतीला भोक, भोकात नमुना. बाजूचे स्क्रू अॅलन कीने पाव-पाव फेरा आवळायचे. हिरा पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकातून थेट आत बघता येतं.

दाब मोजण्याची युक्ती तर फारच देखणी आहे. नमुन्याशेजारी माणकाचा एक कण ठेवतात. त्यावर लेसर टाकला की माणिक लाल चमकतं, आणि दाब वाढेल तसा त्या लाल प्रकाशाचा नेमका रंग सरकत जातो. तो सरकला किती, यावरून दाब कळतो.

हायड्रोजन या यंत्राला छळतो. त्याचे अणू इतके लहान की हिऱ्यात शिरून त्याला ठिसूळ करतात. प्रश्न ६ मधला फुटलेला हिरा त्यामुळे अनपेक्षित म्हणता येत नाही.

९. असं काम आपल्याकडे होतं का?

होतं, आणि तुम्ही रोज त्याच्या बाजूने जात असाल. वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डावीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाखालच्या पदार्थांवर अनेक वर्षं काम चालू आहे. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरही, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरही, हिऱ्यांच्या ऐरणीत दाबलेल्या नमुन्यांचा क्ष-किरणांनी अभ्यास होतो. भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींनी या विषयाकडे जरूर बघावं. यंत्र हातात मावतं, प्रश्न ग्रहाएवढे असतात.

१०. युरेनस-नेपच्यूनला "बर्फाचे महाग्रह" म्हणतात. मग आत हजारो अंश तापमान कसं?

हा नावाचा घोळ आहे आणि दर वर्षी कोणी ना कोणी त्यात अडकतं. ग्रहशास्त्रात पाणी, अमोनिया आणि मिथेन यांना एकत्रितपणे "बर्फ" म्हणायची पद्धत आहे, कारण सूर्यापासून दूर, थंड भागात ते गोठलेल्या रूपात गोळा झाले. नाव त्यांच्या जन्मावरून पडलं, आजच्या अवस्थेवरून नाही. ग्रह बनताना ते दाबले गेले, तापले. आज केंद्राजवळ तापमान पाच हजार अंशांच्या घरात आहे. आत असलेलं पाणी गार बर्फही नाही आणि आपल्या ओळखीचं पाणीही नाही. ते काय आहे ते प्रश्न १२ मध्ये.

११. दाब दिला की बर्फ वितळतो असं शाळेत शिकलो. तुम्ही म्हणता दाबाने पाणी गोठतं. खरं काय?

दोन्ही खरं.

आपला फ्रिजमधला बर्फ पाण्याहून हलका आणि फुगीर असतो, म्हणून तो सरबतात तरंगतो. दाब नेहमी कमी जागा घेणाऱ्या रूपाची बाजू घेतो. त्यामुळे या बर्फावर दाब दिला की तो आटोपशीर पाण्याकडे झुकतो, म्हणजे वितळतो. पण परिणाम छोटा आहे: वितळणबिंदू एक अंश खाली आणायला सुमारे १३० किलो लागतात. सुमारे २,००० किलोला, उणे २२ अंशांवर, हा खेळ संपतो.

त्याच्या पुढे पाण्याचे रेणू दुसऱ्या घट्ट रचना शोधतात, आणि हे नवे बर्फ पाण्याहून जड असतात. आता दाब बर्फाची बाजू घेतो. सुमारे १०,००० किलोला पाणी खोलीच्या तापमानाला गोठतं. त्या बर्फाचा क्रमांक सहा. बावीस हजारांच्या आसपास सातवा बर्फ येतो. २४,००० किलोच्या वर तो शंभर अंशांनाही घट्ट राहतो. चहाच्या आधणाइतका गरम बर्फ.

हिऱ्यांच्या ऐरणीत पाण्याचा थेंब ठेवून स्क्रू आवळताना हे डोळ्यांनी दिसतं. आधी नुसतं स्वच्छ पाणी. मग अचानक कडेला खडीसाखरेसारखे कोनदार स्फटिक उगवतात, आणि ते तरंगत नाहीत, बुडतात. स्क्रू थोडा सैल केला की विरघळल्यासारखे नाहीसे होतात. पाण्याच्या अशा घन रूपांची यादी आता विसाच्या पुढे गेली आहे. सातवा बर्फ तर निसर्गातही सापडला: पृथ्वीच्या खोल गर्भातून आलेल्या हिऱ्यांच्या आत कैद झालेला, २०१८ साली.

१२. सुपरआयनिक पाणी म्हणजे काय? काळा बर्फ म्हणतात तो हाच का?

हाच. या पानावरचा माझा सगळ्यात आवडता पदार्थ.

प्रश्न ५ मधला लोकलचा डबा पुन्हा घ्या, पण प्रवासी बदला. बाकांवर बसलेले ऑक्सिजन, जागा न सोडणारे, रांगेत नीट. त्यांच्या मधून हायड्रोजनचे अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, फेरीवाल्यांसारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतात. ऑक्सिजनकडे बघाल तर पदार्थ घन आहे. हायड्रोजनकडे बघाल तर तो द्रव आहे. एकाच वेळी दोन्ही. प्रोटॉनवर विद्युतभार असल्याने या बर्फातून वीज वाहते. प्रश्न ५ मध्ये वीज वाहणारे इलेक्ट्रॉन होते, इथे मुख्यतः अणुगर्भच वाहतात, आणि धातू आणि हा बर्फ यांतला खरा फरक तोच.

भाकीत १९८८ सालचं, संगणकी गणिताचं. प्रत्यक्ष पुरावा मिळायला तीस वर्षं लागली. अमेरिकेत रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरवर आधी हिऱ्यांमध्ये दाबलेल्या पाण्यावर शक्तिशाली लेसरचे धक्के दिले गेले. २०१८ साली वीजवहनाचे आणि वितळण्याचे पुरावे प्रसिद्ध झाले. २०१९ साली, १० ते ४० लाख किलोच्या टप्प्यात, दोन-तीन हजार अंशांना ऑक्सिजनची जाळी क्ष-किरणांनी टिपली गेली. सगळा प्रयोग काही अब्जांश सेकंदांत आटोपतो. या रूपाला अठरावा बर्फ असा क्रमांक मिळाला. तो प्रकाश आरपार जाऊ देत नाही, म्हणून काळा. युरेनस आणि नेपच्यूनच्या आत खोलवर पाण्याचा मोठा साठा या रूपात असावा असं मानलं जातं.

१३. याचा आणि ग्रहाच्या चुंबकत्वाचा काय संबंध?

ग्रहाला चुंबक व्हायचं तर आत वीज वाहणारा, ढवळला जाणारा द्रव हवा आणि ग्रह फिरता हवा. पृथ्वीत वितळलेलं लोखंड हे काम करतं. गुरूत धातू झालेला हायड्रोजन करतो, शिवाय गुरू दहा तासांच्या आत एक फेरी पुरी करतो. म्हणून ढगांच्या पातळीवर त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या दहापटीहून जास्त आहे.

व्हॉयेजर-२ यान जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून गेलं तेव्हा सगळे चक्रावले. तिथला चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षाशी ५९ अंशांनी कललेला होता, आणि ग्रहाच्या केंद्रातून जातच नव्हता. युरेनस आडवा पडलेला ग्रह, म्हणून तो अपवाद, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूननेही तेच दाखवलं: कल ४७ अंश, केंद्र निम्म्या त्रिज्येइतकं सरकलेलं. नेपच्यून काही आडवा नाही.

एक चांगलं स्पष्टीकरण असं: चुंबकत्व तयार होतं ते वरच्या पातळशा थरात, जिथे गरम, आयनांनी (विद्युतभार असलेल्या कणांनी) भरलेलं पाणी ढवळलं जातं. खालचा सुपरआयनिक बर्फ वीज वाहतो, पण त्याची ऑक्सिजनची जाळी त्याला पाण्यासारखं घुसळू देत नाही. पातळ थरात बनलेलं क्षेत्र असंच वेडंवाकडं निघतं. दुसरी मांडणी म्हणते की पाण्याचा थर आणि कार्बनवाला थर आत वेगळे झाले आहेत आणि फक्त वरचा ढवळतो. दोन्हींत मुद्दा एकच: पाण्याचं दाबाखालचं वागणं समजल्याशिवाय या चुंबकांचं कोडं सुटणार नाही.

१४. तिथे हिऱ्यांचा पाऊस पडतो हे खरं की फॉरवर्ड?

फॉरवर्डमध्ये तिखटमीठ असतं, पण मूळ कल्पना १९८१ सालची आणि गंभीर आहे. युरेनस-नेपच्यूनमधल्या मिथेनचा कार्बन दाबाखाली सुटा होऊन हिरे बनतील आणि खाली बुडत जातील, अशी ती कल्पना. २०१७ साली पॉलिस्टायरीन या प्लास्टिकवर लेसरचे धक्के देऊन अतिसूक्ष्म हिरे बनताना टिपले गेले, पुढे बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकवरही. ग्रहावरून नमुना कोणी आणलेला नाही.

गुरू-शनीवरचा हेलियमचा पाऊस मला जास्त महत्त्वाचा वाटतो, जरी त्याचे फॉरवर्ड येत नाहीत. धातू झालेल्या हायड्रोजनमध्ये हेलियम नीट मिसळत नाही. पाण्यात तेलाचे थेंब वेगळे व्हावेत तसे हेलियमचे थेंब वेगळे होतात, आणि जड असल्याने खाली पडतात. पडताना उष्णता देतात. शनीचं वय बघता तो जितका गार व्हायला हवा होता तितका झालेला नाही, त्याचं कारण या पावसात शोधलं जातं. गुरूवर पुरावा वेगळ्या वाटेने आला: वरच्या वातावरणात निऑन अपेक्षेच्या साधारण दशांशच सापडला. निऑन हेलियमच्या थेंबांत विरघळतो, त्यांच्यासोबत खाली वाहून जातो.

१५. आत कोणी गेलं नाही, तर हे सगळं कळलं कसं?

एक वस्तू गेली होती. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात शिरली, तासाभराच्या आत बंद पडली. शेवटचा दाब नोंदला गेला तो सुमारे २२ किलो. प्रश्न ३ मधल्या आमच्या चौथ्या मजल्याच्या जेमतेम तिप्पट. गुरूच्या केंद्राशी कोट्यवधी किलो आहेत आणि माणसाने बनवलेली वस्तू बावीसपर्यंत पोचली आहे. निऑनचं मोजमाप त्याच कुपीने दिलं.

बाकी सगळं बाहेरून. २०१६ पासून जूनो यान गुरूभोवती फिरतं आहे. पोटात वस्तुमान जिथे जास्त, तिथे यानाला किंचित जास्त ओढ बसते, वेग बदलतो आणि त्याच्या रेडिओ लहरींत तो फरक उमटतो. त्यातून दोन मोठ्या गोष्टी कळल्या. पहिली, गुरूचा गाभा आंब्याच्या कोयीसारखा वेगळा आणि टणक नाही; जड मूलद्रव्यं हायड्रोजनमध्ये विरघळल्यासारखी दूरवर पसरली आहेत. दुसरी, दुर्बिणीतून दिसणाऱ्या पट्ट्यांचे वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोल जाऊन विरतात. हायड्रोजन पुरता धातू होण्याच्या बराच आधी थोडी थोडी वीज वाहू लागतो, आणि चुंबकीय क्षेत्र त्या वाऱ्यांना लगाम घालतं असं दिसतं.

शनीच्या बाबतीत कडी कामाला आली. शनीचा गोळा आतून हलतो, त्या कंपनांनी कड्यांत लाटा उठतात, आणि कॅसिनी यानाने त्या टिपल्या. कडी म्हणजे शनीचा भूकंपमापकच.

१६. गुरूत पाणी आहे का?

आहे. गॅलिलिओच्या कुपीला फारच कमी सापडलं, पण ती नेमकी कोरड्या पट्ट्यात शिरली होती; कोकणचा पाऊस मोजायला माणला जाऊन बसावं तसं झालं. जूनोच्या २०२० सालच्या निष्कर्षानुसार विषुववृत्ताजवळ वातावरणातल्या रेणूंपैकी सुमारे पाव टक्का पाण्याचे आहेत.

१७. एवढा हायड्रोजन, मग गुरू पेट का घेत नाही? १९९४ साली धूमकेतू आदळला तेव्हाही?

जळायला ऑक्सिजन लागतो, आणि गुरूवर मोकळा ऑक्सिजन नाही. जो आहे तो बहुतेक पाण्यात अडकलेला, आणि पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ चे तुकडे आदळले तेव्हा पृथ्वीएवढे काळे डाग पडले, आग लागली नाही.

१८. गुरूत आणखी हायड्रोजन ओतत गेलो तर तो मोठा होईल? तारा होईल?

मोठा फारसा होणार नाही, हेच इथलं आश्चर्य. वस्तुमान वाढलं की दाबही वाढतो आणि आतला माल आणखी आवळला जातो. गुरू आकाराने जवळपास कमाल मर्यादेवर आहे. त्याच्या कित्येक पट वस्तुमानाचे तपकिरी बटूही (तारा होता होता राहिलेले गोळे) साधारण त्याच्याएवढेच असतात. तारा व्हायला गुरूच्या सुमारे ८० पट वस्तुमान हवं. अपवाद: आपल्या ताऱ्याला चिकटून फिरणारे तप्त गुरू. त्यांतले काही उष्णतेने चांगलेच फुगलेले आहेत.

१९. शनी पाण्यावर तरंगेल म्हणतात. मग आत दाट कसा?

पाण्याची घनता १ धरली तर शनीची ०.६९ येते, पण ही सरासरी घनता आहे. वरचे विरळ थर फार जाड आहेत म्हणून सरासरी खाली येते. खोलवरचा हायड्रोजन पाण्याहून जडच आहे. कारण प्रश्न १ मध्ये.

२०. ठाण्या-नवी मुंबईतून हे ग्रह दिसतात का?

गुरू आणि शनी तर अगदी तलावपाळीवरूनही दिसतात, दिव्यांच्या झगमगाटातही. गुरूचे चार चंद्र साध्या द्विनेत्रीतून दिसतात; हात थरथरतात म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. युरेनस शहरातून नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत, द्विनेत्री आणि मोबाइलवरचा आकाशनकाशा लागतो. खारघरच्या टेकड्यांच्या बाजूला किंवा येऊरला थोडं आत काम होतं. नेपच्यूनसाठी दुर्बीण हवी आणि शक्यतो मुरबाडच्या पुढचा अंधार.

दिवाळीचे तीन-चार दिवस टाळा, धुराने आकाश मळकट असतं. युरेनस सापडला की लगेच डोळा काढू नका. आधी तो साधा तारा वाटेल. मिनिटभर बघत राहिलात की हिरवट निळा, न लुकलुकणारा बारीकसा ठिपका नजरेत बसतो. मिथेन लाल रंग शोषून घेतो, त्याचा हा रंग. काळा बर्फ त्याच्या खाली हजारो किलोमीटरवर आहे.